पितळी व्हिसल काळी पडली म्हणून घासू नका

मालाडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मे महिन्यात त्यांनी स्वतःसाठी आणि सातवीतल्या लेकासाठी मिळून एक पितळी टिन व्हिसल, म्हणजे सरळ धरून फुंकायची सहा भोकांची बासरी, घेतली. डी पट्टीची, प्लॅस्टिकच्या हिरव्या डोक्याची (डोकं म्हणजे तोंडात धरून फुंकायचा वरचा भाग), हजार रुपयांच्या आतली. दोघांनी रोज वाजवली. पाऊस संपेपर्यंत सोन्यासारखी नळी तपकिरी-काळपट झाली, खालच्या टोकाशी दोन हिरवे ठिपके आले आणि वाजवून झालं की बोटांना वास येऊ लागला. त्या विचारतात, ही पितांबरीने घासू का, की स्वस्त माल म्हणून बाजूला ठेवून पाच-सहा हजारांची चांगली घेऊ? शिवाय, तुमच्याकडे चांगल्या व्हिसल असताना तुम्ही सारखं त्या जुन्या काळ्या पितळीचंच कौतुक का करता?

ताई, घासू नका आणि महागडी नवीही घेऊ नका. हिरवे ठिपके मात्र आजच काढा, ते कसे ते पुढे सांगते. मी बावीस वर्षं व्हिसल वाजवते आहे, त्यातली चौदा वर्षं गिरगावात शिकवते, आणि मुलांच्या बिघडलेल्या व्हिसल दुरुस्तही करते. माझ्याकडे अॅल्युमिनियमची महागडी आहे, लाकडाचीही आहे. पण घराबाहेर पडताना पिशवीत जाते ती धोबीतलावच्या दुकानातून २००३ साली घेतलेली पितळी.

आधी नावाचा घोळ. टिन व्हिसल म्हणतात आणि नळी असते पितळेची, मग टिन कुठे आहे? टिन म्हणजे आपलं कथील. रॉबर्ट क्लार्क नावाच्या इंग्रज माणसाने १८४३ मध्ये या व्हिसल विकण्यासाठी बनवायला घेतल्या तेव्हा त्या कथलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या होत्या. पत्रा गुंडाळून निमुळती नळी करायची आणि तोंडाशी लाकडाचा ठोकळा बसवायचा. आपल्याकडे कल्हईवाला पितळेच्या पातेल्याला आतून जे चढवायचा, तेच कथील त्या लोखंडावर. पुढे सरळ पितळी नळी आणि तिच्यावर प्लॅस्टिकचं डोकं ही रचना आली, ती जगभर पसरली. आयर्लंडमध्ये फेडॉग कंपनी १९७८ पासून अशा व्हिसल बनवते. आयरिश भाषेत फेडॉगचा अर्थच शिट्टी. नाव टिनचं राहिलं, धातू बदलला.

रचना आपल्याला परकी नाही. आडवी धरतो ती बासरी, सरळ तोंडात धरून फुंकतो तो पावा किंवा अलगूज. माहीमच्या उरुसात किंवा जुहूला काठीला बासऱ्या खोचून विकणारा माणूस पाहिला असेल, त्याच्याकडे दोन्ही असतात. व्हिसल ही अलगुजाचीच धातूतली बहीण. सहा भोकं, मागे अंगठ्याला भोक नाही, आणि ओठांची तयारी न करता पहिल्या फुंकेला आवाज. बासरी हातात घेतलेलं मूल पहिले पंधरा दिवस नुसती हवा काढतं. व्हिसल घेतलेलं मूल पहिल्याच दिवशी भूपाचा आरोह वाजवून घरी जातं.

हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर डी म्हणजे पांढरी दोन. सहाही भोकं झाकून येणारा स्वर सा धरला तर एकेक बोट उचलत बिलावलचे सात स्वर सरळ मिळतात. बासरीवाल्यांसारखी वरची तीन भोकं झाकून सा धरला तर पट्टी होते पांढरी पाच, आणि सगळी भोकं मोकळी सोडली की तीव्र मध्यम येतो. म्हणजे अर्धं भोक दाबण्याची कसरत न करता यमनचे सगळे स्वर हातात. वरचं पहिलं भोक उघडं ठेवून त्याखालची दोन झाकली की शुद्ध मध्यमही सापडतो. दोनच भोकं झाकून सा धरलात तर कोमल निषाद येऊन खमाज होतो. तुम्ही हार्मोनियम शिकला आहात असं लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. नवीन वाद्य घेण्याआधी हातातल्या सहा भोकांत काय काय आहे ते शोधा, सहा महिने पुरेल.

आता काळेपणाकडे येते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. हवेतला प्राणवायू, दमटपणा आणि गंधकाचे अंश तांब्याशी जुळले की पृष्ठभागावर तपकिरी-काळा पातळ थर बसतो. मुंबईत समुद्राची खारी हवा आणि घामातलं मीठ त्याला जोर देतात. पुण्यातल्या माझ्या मावसबहिणीची व्हिसल दोन वर्षांत जेवढी काळवंडली, तेवढी माझी एका जून ते सप्टेंबरमध्ये काळवंडली होती. काही कंपन्या नळीवर लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगण, देतात. तो बोटांखाली आधी झिजतो, मग नळी ठिकठिकाणी काळी आणि मध्ये मध्ये पिवळी दिसते. तुम्ही 'डागाळली' म्हणताय ते हेच असणार. थोडे महिने जाऊ द्या, लॅकर निघून जाईल आणि रंग सारखा होईल.

हा तपकिरी थर नळीचं नुकसान करत नाही, उलट खालचं पितळ थोडंफार झाकून ठेवतो. हिरवं मात्र वेगळं. मीठ आणि ओल एकाच जागी साचून राहिली की तांब्याचे हिरवे क्षार तयार होतात, ते खाली पितळ खात जातात. तुमचे ठिपके खालच्या टोकाला आहेत, यावरून व्हिसल वाजवल्यावर न पुसता उभी ठेवली जाते हे कळतं. फुंकेची वाफ आत थंड होऊन पाणी होतं आणि ओघळत टोकाशी येऊन थांबतं. डोकं काढून ठेवा (कसं काढायचं ते पुढे सांगते), कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका, जुन्या मऊ टूथब्रशने ठिपके घासा, धुवा, लगेच कोरडी करा. पुन्हा होऊ नये म्हणून जुन्या मलमलीची चिंधी सुतळीला बांधून वाजवल्यावर नळीतून एकदा ओढायची. पावसाळ्यात बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, सुती कापडात गुंडाळून ठेवा. माझी जुन्या पातळाच्या पिशवीत असते.

वासाचं म्हणाल तर आपल्या आज्या पितळेच्या भांड्यात ताक का ठेवत नसत, आठवा. कल्हई नसली की आंबट कळकतं. व्हिसलमध्ये तोंडाला लागतं ते प्लॅस्टिक, पितळ नाही, त्यामुळे पोटात काही जायची भीती नको. फक्त लेकाला सवय लावा, वाजवून झालं की हात धुवायचे, मग खायचं.

पितांबरी मी माझ्या देवघरातल्या उपकरण्यांना वापरते, समईला वापरते. व्हिसलला वापरत नाही. कारण भांड्याला धार नसते. व्हिसलच्या भोकांना काठ असतात, तिथे बोट बसतं, आणि घासण्याने तो काठ दर वेळी थोडा थोडा जातो. दुसरं कारण मी स्वतः भोगलं आहे. २००६ ची दिवाळी. आई समया, तांब्या, पंचपात्र चिंचेने घासत बसली होती. मीही माझी व्हिसल डोक्यासकट चिंचेत बुडवली, खसाखसा घासली. लखलखीत झाली. संध्याकाळी वाजवायला घेतली तर खालचा सा फुटेना, वरच्या सप्तकात सूं सूं हवा. चिंचेचा कोळ फुंकेच्या फटीत जाऊन वाळला होता. तो पक्ष्याच्या ओल्या पिसाने पोखरून काढायला दहा दिवस लागले. आणि जिथे चिंच जास्त वेळ राहिली होती तिथे पितळ गुलाबी झालं होतं. आंबटाने पितळेतलं जस्त आधी निघतं आणि तांबं उघडं पडतं. तो गुलाबी डाग पुन्हा तपकिरी व्हायला वर्ष गेलं.

पण माझं खरं नुकसान वेगळंच होतं. तीन वर्षांत त्या नळीवर माझ्या हाताचा नकाशा उमटला होता, तो एका सकाळी गेला.

ही गोष्ट मी शिकवताना प्रत्येक मुलाला दाखवते, तुम्हालाही सांगते. देवळातली घंटा वर काळपट असते आणि लोलकाचं टोक, जिथे हजारो हात लागतात, ते चकाकत असतं. व्हिसलचं तसंच. माझी आत्ता समोर आहे. भोकांच्या मधल्या पट्ट्या चहाच्या गाळासारख्या गडद. प्रत्येक भोकाभोवती पिवळी धमक कडी, पण कडी सारखी नाही. उजव्या अनामिकेच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या भोकाची कडी एका बाजूला ओढल्यासारखी लांबट आहे, कारण माझं ते बोट आखूड आहे आणि ते नेहमी तिरकं येतं. नळी उलटी केली की मागे अंगठ्यांच्या दोन जागा. डावी रुपयाएवढी आणि आरशासारखी, उजवी अस्पष्ट. उजवा अंगठा मी कधीच घट्ट टेकवत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, नळीने दाखवलं. विद्यार्थ्याची वर्षभर वापरलेली पितळी व्हिसल पाहिली की तो कुठे अडतो हे मला न ऐकता सांगता येतं. एका मुलाच्या नळीवर वरच्या तीन भोकांना कडी होती आणि खालची तीन जवळजवळ काळीच. विचारलं तेव्हा कळलं, खालचा हात लावायला तो घाबरतो, सगळी गाणी वरच्या हातात मावतील अशीच निवडतो. दोन महिने त्याला फक्त खालच्या षड्जावर थांबवलं. अॅल्युमिनियमच्या किंवा निकेल चढवलेल्या नळीवर हे दिसत नाही.

आता आवाजाचं, कारण इथे लोक पुष्कळ भाबडेपणाने बोलतात. जुनं पितळ गोड वाजतं, काळं पडलं की सूर मुरतो, असं मलाही कुणी कुणी सांगितलं आहे. मी ते मानत नाही. व्हिसलमध्ये नळी कंप पावून आवाज देत नाही, आतला हवेचा खांब कंप पावतो. फुंक फटीतून निघते, समोरच्या पात्याच्या धारेवर जाते, वरखाली हलते, आणि साधारण ३० सेंटिमीटरच्या नळीतली हवा तिला ताल देते. जॉन कोल्टमन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये चांदी, तांबं आणि लाकूड अशा वेगवेगळ्या नळ्यांच्या, पण एकाच मापाच्या बासऱ्या करून जाणकारांना ऐकवल्या. न पाहता ऐकताना कुठली कशाची हे त्यांना ओळखता आलं नाही. व्हिसलचा आवाज डोक्यात आहे. फट किती उंच, पातं किती सरळ, त्याच्या धारेला प्लॅस्टिकचा कोंब राहिला आहे का, यावर सगळं. म्हणून एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी घेतलेल्या दोन व्हिसल वेगळ्या वाजतात. दुकानात चार फुंकून एक निवडा हे मी सांगते ते त्यासाठी. स्वस्त व्हिसलमध्ये ही नशिबाची बाजू आहे, ती लपवायचं कारण नाही.

तरीही वापरून व्हिसल सुधारते हा अनुभव खोटा नाही. नव्या प्लॅस्टिकच्या फटीत वाफेचे थेंब मणी होऊन बसतात आणि पाच मिनिटांत आवाज घोगरा होतो. महिना-दोन महिने वाजवल्यावर आतला पृष्ठभाग ओल पसरू देतो, थेंब अडत नाहीत. दुसरं, तुमची फुंक तिला सरावते. या व्हिसलची दोन सप्तकं फुंकेच्या जोरावर वेगळी होतात. खालच्या सप्तकात हळू फुंकायचं, वरच्यात नेमकं किती जोरात ते त्या एकाच व्हिसलवर शिकलं जातं. तुम्ही सहा महिन्यांत जे कमावलंय ते वेगळ्या बनावटीची नवी घेतलीत तर पुन्हा पहिल्यापासून कमवावं लागेल.

तुमच्या व्हिसलचा खालचा सा हलतो असंही तुम्ही लिहिलंय. पंधरा मिनिटांचं काम आहे. डोकं काढा. काढताना जोर लावू नका, ते कारखान्यात चिकटवलेलं असतं. पाणी हाताला जेमतेम सोसेल इतकं गरम करा, उकळतं नको, नाहीतर प्लॅस्टिक वाकडं होईल. डोकं मिनिटभर बुडवा, नळी फडक्यात धरून पिळल्यासारखं फिरवा, सुटेल. आता डोक्यात आतून पाहा. फुंकेच्या फटीखाली, पात्याच्या अलीकडे एक पोकळ कप्पा दिसतो. भिंतीवर चित्रं चिकटवायची पुट्टी मिळते, तिची हरभऱ्याएवढी गोळी करून तो कप्पा भरा आणि काडीने समोरून सपाट करा. पुट्टी पात्याखाली पुढे येता कामा नये. खालचे स्वर घट्ट होतात आणि वरच्या सप्तकातली किंचाळी बरीच कमी होते. काहीजण मेण भरतात. मुंबईच्या मे महिन्यात खिडकीपाशी ठेवलेल्या व्हिसलमध्ये मेण मऊ होऊन खाली बसलेलं मी पाहिलंय, म्हणून मी पुट्टीच वापरते. पात्याला मात्र चाकू, कानस काही लावू नका. तिथे केसभर गेलं तरी परत येत नाही.

डोकं सुटल्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो खास आपल्या हवेसाठी. या व्हिसल साधारण २० अंशांच्या खोलीतल्या सुरासाठी कापलेल्या असतात. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो आणि स्वर चढतो, दर अंशाला जवळपास ३ सेंट. लगतच्या दोन स्वरांमध्ये १०० सेंट असतात, म्हणजे ३२ अंशांना कागदावर एक तृतीयांश स्वराहून जास्त चढ. प्रत्यक्षात आपला श्वास नळी तशीही गरम करतो, त्यामुळे फरक एवढा पडत नाही, पण तंबोऱ्याबरोबर धरला की कानाला बोचतो. डोकं ३-४ मिलिमीटर वर ओढलं की सूर जुळतो. सैल झालं तर नळीला प्लंबर लावतात ती पांढरी टेप एक वेढा द्या. तुमचा लेक हार्मोनियमबरोबर बेसूर वाटतो असं म्हणालात, त्याच्या कानाला दोष देण्याआधी हे करून पाहा.

पाच-सहा हजारांची व्हिसल वाईट असते असं नाही. सभागृहात, माइकसमोर मी तीच वाजवते. पण ती घेतल्यावर काय होतं ते मी विद्यार्थ्यांमध्ये पाहिलंय. ती मखमली पेटीत राहते. लोकलमध्ये नेत नाहीत, शाळेच्या दप्तरात घालत नाहीत, भाच्याला हात लावू देत नाहीत. रोजची वीस मिनिटं आठवड्याची वीस होतात. स्वस्त पितळी व्हिसल छत्रीबरोबर पिशवीत जाते. माझी चर्नी रोडच्या जिन्यावर पडून टोकाला चेपली, मी लाकडी सळी तासून आत घातली आणि फिरवत फिरवत टोक पुन्हा गोल केलं. पितळ मऊ असतं, ऐकतं. गिरगाव चौपाटीवर भरतीच्या वाऱ्यात ती वाजत नाही, वारा फटीवरून फुंक उडवून नेतो. मग मी पाठ वाऱ्याकडे करून, डोकं पदराआड धरून वाजवते. महागडी व्हिसल मी त्या खाऱ्या वाऱ्यात काढलीही नसती.

स्वस्तपणाने या वाद्याचा इतिहास घडला आहे. १९५० च्या दशकात जोहान्सबर्गच्या रस्त्यांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतल्या मुलांनी याच स्वस्त व्हिसलवर क्वेला नावाचं संगीत उभं केलं. स्पोक्स माशियाने हा त्यातला सगळ्यात गाजलेला वादक. सॅक्सोफोन परवडत नव्हता, व्हिसल परवडत होती. आयर्लंडचे पॅडी मोलोनी पुढे चीफटन्स या वाद्यवृंदाचे प्रमुख झाले, त्यांची सुरुवात लहानपणी आईने घेऊन दिलेल्या साध्या व्हिसलवर झाली.

तुम्हाला एकच खरेदी सुचवते. त्याच कंपनीची, त्याच पट्टीची दुसरी पितळी व्हिसल. कारण तुम्ही दोघं एकच वाजवता, आणि तुमची बोटं त्याच्या बोटांपेक्षा लांब आहेत. आताची त्याला द्या. नवी तुम्ही घ्या, दुकानात चार फुंकून निवडा, आणि घेतल्याची तारीख डोक्याखाली, नळीचा जो भाग डोक्यात झाकला जातो तिथे, सुईने बारीक कोरून ठेवा. माझ्यावर तिथे '१४-६-०३' आहे. डोकं ओढून काढलं की अजून वाचता येतं, आणि तेवढी एक पट्टी आजही दुकानातून आणल्यासारखी पिवळी आहे.